कालच्यापेक्षां एक बैठक जास्त
(शाळेंत पालकांपुढें केलेलें भाषण)



"पोरगें अंगानें किरकोळ, त्याला कुस्ती-कवायत काय जमणार?" असें आपण पोरासमोरच बोलतों. एकदां मनानें हाय खाल्ली कीं पोर आखाड्याची वाटच सोडतें.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते ५२ किलोंच्या गटांत लढले. अंगानें किरकोळच म्हणा ना! तेथें सहावे आले. पण खचले नाहींत. चार वर्षें घाम गाळला आणि १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक!

म्हणून गुरुजींना माझी विनंती आहे. पोराची तुलना वर्गांतल्या धट्ट्याकट्ट्याशीं करूं नका, त्याच्याच कालच्या दिवसाशीं करा. काल पांच बैठका झाल्या, आज सहा झाल्या, तर चारचौघांत पाठ थोपटा. हरणाऱ्याला कोणी हंसलें तर हंसणाऱ्याला आवरा. मुलींनाही मैदानांत उतरवा.

आणि आईबापहो, सायंकाळीं पोराला "जिंकलास कां?" असें विचारूं नका, "आज किती जास्त केलेंस?" असें विचारा. सहावी बैठक ज्याला साधली, तो उद्यां अवघड गणितालाही पाठ दाखविणार नाहीं.