भरीत समोर आहे, पण…



22 जानेवारी 2025. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या मध्ये, लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस साखळी ओढल्याने थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती. आग नव्हतीच. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जण गेले.

मेलेल्यांचा, जखमींचा आकडा छापून आला. ज्यांचे खरचटण्यावर निभावले, त्यांचे पुढे काय झाले, हे कोण विचारतो?

अशा धक्क्यानंतर माणूस झोपेत ओरडतो, इंजिनाच्या शिट्टीने दचकतो. हे घरच्यांना समजते. दुसरे एक लक्षण मात्र गुपचूप येते. समजा, अशाच एखाद्या अपघातातून वाचलेला माणूस हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्टीला बसला आहे. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून झाली, मिरची-लसणासह लाकडी बडगीत ठेचली गेली, वरून कांद्याची पात पडली. तो जेवतो. तिखट कळते, मीठ कळते, पण बोटे चाटावीशी वाटत नाहीत. पुढच्या वेळी बोलावणे आले तर तो जातच नाही.

आधी घरचे म्हणतात, ‘त्याचं मन लागत नाही.’ मग, ‘माणूसघाणा झाला.’ आणि शेवटी, ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ हे वाक्य फार लागते. कारण आनंद व्हायला हवा, हे त्यालाही ठाऊक असते.

आनंद न जाणवण्याच्या या अवस्थेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांनी 1896 मध्ये ‘अॅनहेडोनिया’ हे नाव दिले. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 साली आला. सुख, माया यांसारख्या भावना न जाणवणे हे त्याचे एक लक्षण म्हणून 2013 च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले गेले.

रेल्वेत बसायचे टाळणे ही भीती. नातू मांडीवर येऊन बसला तरी आत काहीच न हलणे, हे वेगळे. म्हणूनच झोप सुधारली की माणूस बरा झाला, असे धरून चालत नाही. महिन्याहून अधिक काळ असे चालले तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे आणि भीतीसोबत हेही सांगावे. न विचारता बहुतेक जण सांगत नाहीत. आघातावर बोलून करायचे उपचार आहेत, औषधे आहेत. काही औषधांनीही भावना बोथट होतात. तसे वाटले तर गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक साधा उपाय आहे. इच्छा होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी छोटे काम करायचे. रोज पाच वाजता बांधापर्यंत फेरी, रविवारी वांगी भाजायला मदत. पहिले काही दिवस कोरडे जातात, हे घरच्यांनी धरूनच चालावे.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथवर जाणे जमत नसेल तर ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू आहे. क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. आघातातून वाचलेला माणूस स्वतः फोन करायला तयार नसेल तर घरच्यांनी लावला तरी चालतो.