ओढणीचं टोक मोकळं नको



चैत्र लागला की आपली पावलं घराबाहेर पडतात. कुणी जोतिबाला, कुणी शिखर शिंगणापूरला, कुणी माहेरी, तर कुणी बाजाराला विट्याला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. ऊन मात्र पूर्णच लागतं! म्हणून आज पिशवीतल्या एका साध्या ओढणीबद्दल बोलूया.

ओढणी अडीच मीटरची, फिक्या रंगाची आणि सुतीच घ्या. नायलॉनची दिसायला छान, पण घाम टिपत नाही.

पहिली तऱ्हा थांब्यावरची. ओढणी भिजवून घट्ट पिळा आणि डोक्यावरून मानेभोवती घ्या. कापडातलं पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी असंच तर गार होतं. आपल्याकडचं ऊन कोरडं, त्यामुळं हा उपाय चांगला लागू पडतो. वाळली की पुन्हा भिजवा.

दुसरी एसटीतली. ओढणी दुहेरी करून खिडकीच्या गजाला आतून बांधा, पडदा तयार. टोकं बाहेर फडफडू देऊ नका.

तिसरी लेकुरवाळीसाठी. बाळाला पाजताना आडोसा करा, पण बाळाचं नाकतोंड झाकू नका. त्याला वारा लागला पाहिजे.

चौथी आपल्या आज्यांची. ओढणी गुंडाळून चुंबळ करा आणि पिशवी डोक्यावर घ्या. बाजारात भाजी जास्त झाली तर त्याच ओढणीचं गाठोडं होतं.

पाचवी मोटारसायकलवरची. ही नीट ऐका. ओढणीचा मध्य कपाळावर ठेवा, दोन्ही टोकं हनुवटीखालून फिरवून नाकावर आणा आणि मानेमागं खाली गाठ मारा. उरलेली टोकं कपड्यात आत खोचा. गाठ डोक्यामागं वर आली तर हेल्मेट नीट बसत नाही, आणि मागं बसणाऱ्या बाईलाही हेल्मेट कायद्यानं लागतंच.

टोकं खोचायला एवढं का सांगते? इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीत बसली. गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला आणि तिचा जीव गेला. आपला पदर, आपली ओढणी तर चाकाच्या कितीतरी जवळ असते. म्हणूनच मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. तेच आपलं साडीगार्ड. बरीच पोरं ते शोभत नाही म्हणून काढून टाकतात. मागं बसायच्या आधी वाकून बघा. नसेल तर बसवून घ्यायला सांगा. यात लाजायचं काही नाही.

शेवटचं. वाटेत कुणाचं अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर उन्हाचा झटका समजा. सावलीत न्या, ओल्या ओढणीनं अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली ओढणी घेऊन या. बांधून बघू. आणि दारात लागलेल्या गाड्यांची साडीगार्डंही बघू.