वायुवाहिनीतील आवक आणि जावक

धरणातून कालव्याला पाणी सुटले तरी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला वाट पाहावी लागते. नैसर्गिक वायूचेही तसेच आहे. ब्रिटनमधील उच्च दाबाच्या वायुवाहिन्यांचे जाळे सुमारे ७,६०० किलोमीटर लांबीचे असून त्यातून वायू ताशी साधारण ४० किलोमीटर वेगाने सरकतो. स्कॉटलंडमधील सेंट फर्गस येथे किनाऱ्यावर आलेला वायू लंडनला पोहोचण्यात दिवसाचा मोठा भाग जातो. थंडीच्या सकाळी लाखो घरांतील बंब एकाच वेळी पेटतात. त्यांना इतका वेळ थांबवून कसे चालेल?

हा वेळ वाहिनीच मिळवून देते. विजेची मागणी वाढताच कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राला तत्काळ मदतीला यावे लागते. वायू मात्र दाबाखाली आकुंचन पावतो. रात्री जितका वायू आत येतो तितका खर्च होत नाही. दाब वाढतो आणि वाहिनी हीच कोठी बनते. सकाळ-संध्याकाळी ती कोठी उपसली जाते. दाब कोठे उतरतो आहे याकडे नियंत्रण कक्षाचे अहोरात्र लक्ष असते. हिशेबाचा 'वायुदिन' पहाटे ५ वाजता सुरू होतो.

आश्चर्य असे की, जाळे चालविणारी संस्था या वायूची मालक नसते. वायू व्यापाऱ्यांचा. जितका काढला तितका भरण्याची जबाबदारीही त्यांचीच, आणि तूट ठेवणाऱ्यास ती महाग पडावी असेच दर लावले जातात. उरलेली तफावत संस्था बाजारात खरेदी-विक्री करून मिटविते.

१ मार्च २०१८ रोजी या व्यवस्थेची कसोटी लागली. कडाक्याच्या थंडीत काही ठिकाणची आवक अचानक घटली. रफ हे समुद्रतळाखालील सर्वांत मोठे साठवणकेंद्र २०१७ मध्येच बंद करण्याचे ठरले होते. (ते २०२२ मध्ये अंशतः पुन्हा उघडावे लागले, यातच त्या निर्णयाविषयी पुष्कळ काही आले.) पहाटेच तुटीचा जाहीर इशारा देण्यात आला. भाव भडकले, उरल्या साठ्यांतून वायू बाहेर आला, काही कारखान्यांनी वापर कमी केला आणि दुसऱ्या दिवशी इशारा मागे घेण्यात आला. घरे उबदार राहिली.

तूट हटली नसती तर प्रथम मोठ्या कारखान्यांचा पुरवठा तोडला गेला असता. यात घरांविषयी केवळ ममत्व नाही. कारखान्याला एका दूरध्वनीने झडप बंद करावयास सांगता येते. घरातील दाब पडला तर ज्योत विझते, आणि वायू परत आला की उघड्या राहिलेल्या शेगडीतून तो न पेटता खोलीत भरतो. म्हणून प्रत्येक घर आधी बंद करावे लागते व तपासूनच पुन्हा जोडावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये शेफील्डजवळील स्टॅनिंग्टन येथे फुटलेल्या जलवाहिनीचे पाणी वायुवाहिनीत शिरले, तेव्हा सुमारे २,००० घरांसाठी कर्मचाऱ्यांना असे दारोदार जावे लागले. ऐन थंडीत त्यात कित्येक दिवस गेले.