मातीचा किल्ला, साऱ्या वर्गाचा

मांडणशिल्प म्हटलं की मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव आठवतो. पण मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत वर्गमित्र दिवाळीला मातीचा किल्ला करतात, तेही मांडणशिल्पच. विटा-दगडांचा गाभा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिखलाचा हात. मग अळीव पेरायचे. ते हिरवे व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून पेरणीचा दिवस मागे मोजून ठरवावा लागतो, पाण्याची पाळी वाटून घ्यावी लागते. जागेला धरून, अनेक हातांनी, थोड्या दिवसांपुरती केलेली रचना, मग आणखी काय हवं?

कोणी म्हणेल, ही तर नक्कल. पण प्रतापगड करायचा तर माची कुठे, बुरूज किती, कोपऱ्यात तो मावणार कसा, यावर मुलांना वाद घालावाच लागतो. त्या निवडीतच कला आहे, आणि प्लास्टरचा तयार किल्ला आणला की नेमकी तीच हरवते. जागेची अडचण मात्र खरी आहे. तरी जिन्याखालचे चार फूटही पुरतात. शिवाय निमित्तही आहे: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात प्रतापगडही आहे. म्हणून शाळांनी दिवाळीच्या सुटीआधी वर्गाला मिळून एकच किल्ला करायला द्यावा, आणि त्याला गुण देऊ नयेत.