हिवाळ्यानंतरचा क्लच

जर्मनीसारख्या थंड देशांत हिवाळाभर झांकून ठेवलेली मोटारसायकल वसंतांत बाहेर निघते, आणि द्रवावर चालणाऱ्या क्लचचा लिव्हर मुठीला लुळा टेकतो. इंजिन चालू करून गिअर टाकल्यास अशी गाडी एकदम पुढें झेप घेते. तथापि इंजिन खोलण्याची घाई नको. द्रव दबत नाहीं, हवा दबते. नळींतला बुडबुडा हाताचें बळ गिळून टाकतो.

प्रथम गळती पाहावी. मग लिव्हरजवळच्या डबींत ताजा द्रव भरीत राहावें. लिव्हर दाबून खालचा स्क्रू सैल करावा, तो आवळूनच लिव्हर सोडावा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हेंच करावें.

मात्र डबीच्या झांकणावरील अक्षरें आधीं वाचावींत. कांहीं गाड्यांना डॉट ४ लागतो, कांहींना खनिज तेल. एकाच्या जागीं दुसरें पडल्यास रबरी सील नासतात, आणि वाचवलेला खर्च दुप्पट होऊन परत येतो.