वर्तमानकाळाची रूपे

होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून जिला एचएसआर लेआउट हे नाव मिळाले, त्या बंगळूरच्या वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या एका मराठी तरुणीची कल्पना करावी. मुलाखतीत ती म्हणते, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ परीक्षक किंचित हसतात. तिला रूपे येत नाहीत, असा त्यांचा ग्रह होतो. तो चुकीचा आहे.

रूपांचे म्हणाल तर इंग्रजीत ती फारच थोडी. आय, यू, वुई, दे यांना ‘लिव्ह’. ही, शी, इट यांना ‘लिव्ह्ज’. जुन्या इंग्रजीतील ‘दाउ लिव्हेस्ट’, ‘ही लिव्हेथ’ ही रूपे केव्हाच मागे पडली. उलट मराठीत राहतो, राहते, राहतोस, राहतेस, राहता, राहतात! मराठीचा हा वर्तमानकाळ मुळात धातुसाधितावरून आलेला असल्याने त्यात लिंगही शिरले. म्हणून ‘मी’ म्हणणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे क्रियापदच सांगून टाकते. एवढा पसारा लहानपणीच सहज पेलणाऱ्या मुलीला एका ‘स’ची भीती ती काय वाटणार?

अडचण प्रत्ययांची नसून निवडीची आहे. ‘मी तीन वर्षांपासून येथे राहत आहे’ या वाक्यात मराठी माणूस आज काय चालले आहे तेवढे पाहतो आणि आरंभ ‘पासून’वर सोपवतो. इंग्रजी क्रियापदाला मात्र आरंभापासून आतापर्यंतचा सारा पल्ला स्वतःच सांगावा लागतो: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ आरंभीचे वर्ष सांगायचे तर ‘सिन्स’, अवधी सांगायचा तर ‘फॉर’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील पिढ्या इंग्रजी शिकल्या. परंतु एका वाक्याला दुसरे जुळवताना हा पल्ला निसटतो, तो निसटतोच.

त्याहून वाईट प्रकार चूक टाळण्याच्या धडपडीत घडतो. हसू ऐकून बावरलेली ती तरुणी पुढच्या खेपेस ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ असे म्हणते. व्याकरण निर्दोष, पण ऐकणारा समजतो, ही आता येथे राहत नाही! पहिल्या वाक्याने निदान अर्थ तरी पोचला होता.

संध्याकाळी तिची कन्नड घरमालकीण शेजारणीला स्वतःविषयी सांगते, ‘नानु हत्तु वर्षदिंद इल्लि इद्देने.’ दहा वर्षांपासून येथे आहे. ‘वर्षदिंद’ म्हणजे वर्षांपासून, आणि क्रियापद साधे वर्तमानकाळी. भाषाकुल वेगळे, परंतु रचना तीच. कन्नडमध्येही ‘तो आहे’ला ‘इद्दाने’ आणि ‘ती आहे’ला ‘इद्दाळे’ असा लिंगभेद आहे. ‘नानु’पाशी मात्र तो थांबतो. त्यामुळे मराठी शिकू लागलेल्या त्या बाई भाडेकरूणीचा निरोप घेताना अजून ‘मी येतो’ असेच म्हणतात, आणि त्यांना कोणी हसत नाही.