भिंतीतील वीज आणि भाडेकरूचा जीव

(पिंपळगाव रेणुकाई येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजाराचे गाव. जेथे बाजार भरतो तेथे हमालांना, व्यापाऱ्यांच्या माणसांना, बदलून आलेल्या शिक्षकांना खोल्या लागतातच. व्यवहार बहुधा तोंडी होतो. भाडे किती, आगाऊ रक्कम किती, विजेचे युनिट काय दराने, एवढे ठरते. भिंतीतील वायर किती जुनी आहे, अर्थिंग आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हा केवळ निष्काळजीपणाचा प्रश्न नव्हे. वायर बदलण्याचा खर्च मालकाचा. ती न बदलल्याचा धोका मात्र भाडेकरूचा. ज्याने खर्च करावयाचा त्याला धोका नाही, आणि ज्याला धोका आहे त्याला भिंत उकरण्याचा अधिकार नाही. अशा व्यवस्थेत वायर जळेपर्यंत बदलली जात नाही, यात नवल ते काय?

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लोखंडी कूलरवाचून पत्र्याच्या खोलीत राहवत नाही. मोटारीची वायर सोलून पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर पाणी भरावयास गेलेल्या बाईच्या अंगातून वीज जमिनीत उतरते. फ्यूज किंवा एमसीबी अशा वेळी जीव वाचवीत नाही. त्यांचे काम वायरला अतिभारापासून जपण्याचे. जीव घेण्यास अँपियरचा अल्पसा अंश पुरतो. ३० मिलिअँपियरची गळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हेच येथे उपयोगी, आणि ते साधारण दीड-दोन हजार रुपयांत मिळते. २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे दगावली, हे सरकारी आकडेच सांगतात.

कायदा नाही असे नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४६ व्या नियमाने जोडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी असे बंधन घातले. २०१० च्या विनियमांनी ते पुढे चालविले. परंतु भाड्याच्या खोलीत तपासनीस कधी आला होता, हे या गावातील दहा भाडेकरूंना विचारून पाहावे. अपघातानंतरच्या चौकशीची तरतूद २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १६१ व्या कलमात आहे. पण ती चौकशी मेलेल्याच्या उपयोगाची नसते.

भाडेकायद्याचीही तीच गत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो, परंतु तो अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांपुरता, मुख्यतः शहरांपुरता आहे. खेड्यातील भाडेकरूस उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या १०८ व्या कलमानुसार मालकाला ठाऊक असलेला व सहज न दिसणारा दोष त्याने सांगितला पाहिजे. यातील खोच लक्षात घ्यावी. ठाऊक असलेला दोष सांगावयाचा, म्हणजे ज्याने तपासणीच केली नाही तो मोकळा! अज्ञानच येथे मालकाची ढाल होते.

इंग्लंडने २०२० च्या नियमांनी खासगी भाडेघरांबाबत ही ढाल काढून घेतली. दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासणी, अहवालाची प्रत भाडेकरूला, धोकादायक दोष अठ्ठावीस दिवसांत दूर करणे. न केल्यास ३०,००० पौंडांपर्यंत दंड, असे ते नियम ठरले.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातील घरमालक म्हणजे काही भांडवलदार नव्हे. दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार चालविणारी विधवाही मालकच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच तपासणीचा भार एकेका मालकावर न टाकता तो सामाईक करावा. ग्रामसभेने ठराव करून परवानाधारक वायरमनकडून भाड्याच्या सर्व खोल्या एकदम तपासून घ्याव्यात, लेखी अहवाल मालक व भाडेकरू दोघांना द्यावा, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून हप्त्याहप्त्याने वळता करण्याची मुभा मालकाला रोखीची सोय नसल्यास ठेवावी.

मुख्य गोष्ट ही की, तपासणी भाडेकरूच्या तक्रारीवर अवलंबून नसावी. तक्रार करणाऱ्यास दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागते, हे प्रत्येक हमालाला ठाऊक आहे. म्हणून तो झटका सोसतो आणि गप्प बसतो. त्याच्या वतीने विचारण्याचे काम संघटनेचे आहे. पुढच्या उन्हाळ्यात कूलर सुरू होण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी खोलीखोलीत जाऊन तीन गोष्टी टिपाव्यात: अर्थिंग आहे काय, आरसीसीबी आहे काय, वायर उघडी आहे काय. ग्रामसभेपुढे ठेवावयास एवढी यादी पुरेशी आहे.